छिद्र, मौन आणि ऋण : ‘ब्यूटी ॲण्ड द बीस्ट’मधील अनुत्तरित प्रश्न

१

अद्भुतरम्य कथेला प्रश्न विचारावेत की विचारू नयेत, याविषयी दोन परस्परविरोधी भूमिका आढळतात. जिथे किटली बोलते आणि शमादान नाचते, तिथे कार्यकारणभावाचा हिशेब मागणे हा अरसिकपणा होय, अशी पहिली भूमिका आहे. दुसरी भूमिका कथानकाकडे जमाखर्चाच्या वहीसारखे पाहते; जिथे मेळ बसत नाही तिथे खूण करते आणि अशा खुणांची संख्या हाच कलाकृतीच्या सदोषतेचा पुरावा मानते. पहिल्या भूमिकेत अद्भुताला सरसकट माफी मिळते, दुसरीत सरसकट शिक्षा. विचारला गेलेला प्रश्न कोणत्या जातीचा आहे, तो कलाकृतीच्या कोणत्या स्तरातून उद्भवतो आणि त्याचे उत्तर मिळाल्याने वा न मिळाल्याने कलाकृतीच्या अर्थात काय फरक पडतो, हा विचार मात्र दोन्हीकडे टाळला जातो.

वॉल्ट डिस्ने कंपनीचा १९९१ सालचा ‘ब्यूटी ॲण्ड द बीस्ट’ हा ॲनिमेशनपट या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. गॅरी ट्राउस्डेल आणि कर्क वाइज यांनी दिग्दर्शित केलेल्या, लिंडा वुल्व्हर्टन यांची पटकथा आणि हॉवर्ड ॲशमन व ॲलन मेन्केन यांची गीते लाभलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले. ॲनिमेशनपटाला असे नामांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. या लौकिकाबरोबरच काही प्रश्नही चित्रपटाला कायमचे चिकटून राहिले आहेत. शाप मिळाला तेव्हा राजपुत्र किती वर्षांचा होता? एका रात्रीत मशाली घेऊन चालत जाता येईल इतक्या अंतरावरच्या गावात कोणालाही आपल्या राजपुत्राची आठवण कशी नाही? शाप देणारी जादूगारीण कोण, आणि ती पुढे कुठे गेली? लांडग्यांशी झुंजून बेशुद्ध पडलेल्या महाकाय पशूला बेलने एकटीने घोड्यावर कसे चढवले? चिप नावाच्या कपाची कपाटातील भावंडे शेवटी कुठे जातात? आणि राजपुत्राच्या अपराधाची शिक्षा त्याच्या नोकरांनी का भोगावी?

हे सारे प्रश्न सामान्यतः एका दमात, एकाच यादीत विचारले जातात. ते एका जातीचे मात्र नाहीत. काही प्रश्न संहितेतील दोन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून उद्भवतात. त्यांना छिद्र म्हणता येईल. काही संहिता बोलत नाही म्हणून उद्भवतात. ते मौन होय. उरलेले प्रश्न संहितेने स्वतःच केलेल्या नैतिक दाव्यांतून निर्माण होतात, पण त्यांची जबाबदारी ती उचलत नाही. त्यांना ऋण म्हणणे योग्य ठरेल. परंपरेने आलेल्या परीकथेवर आधुनिक कथनाचे कलम करताना जो सांधा तयार होतो, त्याच्याशी या तिन्ही प्रकारांचा संबंध आहे. तथापि समीक्षेच्या दृष्टीने त्यांचे मोल समान नाही.

२

अशा प्रश्नांची परंपरा साहित्यविचाराइतकीच प्राचीन आहे. ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तील पंचविसावे प्रकरण टीकाकारांनी काव्यावर घेतलेल्या आक्षेपांची आणि त्यांच्या परिहारांची चर्चा करते. त्याआधीच्या प्रकरणात, शक्य असूनही पटत नाही अशा घटनेपेक्षा अशक्य असूनही संभवनीय वाटणारी घटना कवीने पसंत करावी, असे मत त्याने मांडले आहे. असंगत भाग टाळता येत नसेल तर तो प्रत्यक्ष नाट्याच्या बाहेर ठेवावा, हे सांगताना त्याने दिलेले उदाहरण लक्षणीय आहे. लायसचा मृत्यू कसा झाला हे थीब्जवर राज्य करणाऱ्या ईडिपसला ठाऊक नसावे, ही गोष्ट असंगत आहे. पण ती पडदा उघडण्यापूर्वीची आहे. म्हणजे ज्या नाटकाला ॲरिस्टॉटल आदर्श मानतो, त्या नाटकातही छिद्र आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. छिद्र असणे आणि कलाकृती फसणे यांचे नाते सरळ नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

आधुनिक काळात एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली लेडी मॅक्बेथला किती मुले होती, हा प्रश्नच आपल्या प्रबंधिकेचे शीर्षक म्हणून वापरला आणि पात्रांना संहितेबाहेरचे आयुष्य बहाल करणाऱ्या समीक्षेची थट्टा केली. त्याच्या दोन वर्षे आधी रोमान इंगार्डेन यांनी साहित्यकृतीतील अनिर्धारित स्थानांची संकल्पना मांडली होती. शब्दांनी उभ्या केलेल्या जगात अशी स्थाने असणारच. वाचक त्यांपैकी काही भरतो, काही न भरताच ओलांडतो, आणि सगळीच भरली जावीत अशी अपेक्षाही नसते. पुढे व्होल्फगांग ईझर यांनी या रिक्त स्थानांना वाचनक्रियेची प्रेरकशक्तीच मानले. या मांडण्यांमुळे मौनाला सैद्धांतिक प्रतिष्ठा मिळाली. मात्र विसंगतीला तिचा आधार घेता येत नाही, हे भान पुष्कळदा सुटते. संहिता गप्प राहिली तर वाचकाला अवकाश मिळतो. ती दोन वेगळ्या गोष्टी बोलली तर अवकाश मिळत नाही, अडथळा मिळतो.

हा अडथळा नेमका कशात असतो, याचे सूक्ष्म विवेचन अभिनवगुप्ताने रसविघ्नांच्या चर्चेत केले आहे. त्याने सांगितलेल्या सात विघ्नांपैकी पहिले विघ्न संभावनाविरहाचे आहे. जे घडते आहे ते संभवनीयच वाटले नाही, तर प्रेक्षकाचे चित्त तिथे विसावणार नाही आणि आस्वाद सुरूच होणार नाही. यावर अभिनवगुप्ताने सांगितलेला उपाय मोठा मार्मिक आहे. लोकसामान्य घटना असेल तर प्रेक्षकाच्या हृदयसंवादाने काम भागते. परंतु समुद्र ओलांडण्यासारखी अलौकिक घटना असेल तर नायक रामासारखा प्रख्यात असावा लागतो. दीर्घकाळ रुजलेल्या प्रसिद्धीमुळे तेथे विश्वास आधीच तयार असतो. अद्भुताला संभवनीयतेची अट लागू नाही, असे अभिनवगुप्त म्हणत नाही. अट लागू आहेच. ती पुरी करण्याचे काम तिथे परंपरा करते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

मराठी समीक्षेच्या आरंभकाळातही हा प्रश्न उपस्थित झाला होता. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि तिच्या वळणाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या पार्श्वभूमीवर काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांविषयी निबंध लिहिला, तेव्हा त्यात संभवनीयतेचा मुद्दा कळीचा होता. त्यानंतरच्या वास्तववादी आग्रहामुळे अद्भुत आणि असंभवनीय हे शब्द जवळजवळ समानार्थी झाले. अभिनवगुप्ताच्या मांडणीत ते तसे नाहीत. परीकथेवर बेतलेल्या चित्रपटाचा विचार करताना हा भेद उपयोगी पडतो, कारण तिथे परंपरेने तारलेले अद्भुत आणि परंपरेचा आधार नसलेली नवी भर शेजारीशेजारी नांदत असतात.

३

छिद्रांपासून आरंभ करणे सोयीचे आहे. चित्रपटाच्या आरंभीचे निवेदन सांगते की, जादूगारणीने दिलेला गुलाब राजपुत्राच्या एकविसाव्या वर्षापर्यंत टवटवीत राहील. शेवटची पाकळी गळण्यापूर्वी त्याने प्रेम करायला शिकले पाहिजे आणि ते मिळवलेही पाहिजे. पुढे बेलच्या स्वागताच्या गाण्यात शमादानरूपी ल्युमिएर सांगतो की, नोकरमंडळी दहा वर्षे गंजत पडली आहेत. कथेच्या वर्तमानकाळात शेवटची पाकळी गळू घातली आहे. वजाबाकी सोपी आहे : शाप मिळाला तेव्हा राजपुत्र जेमतेम अकरा वर्षांचा असला पाहिजे. पण आरंभीच्या रंगीत काचचित्रांत दिसतो तो तरुण, आणि किल्ल्याच्या पश्चिम भागात बेलला सापडणाऱ्या फाटक्या तसबिरीतला चेहराही तरुणाचाच. शब्द एक वय सांगतात, चित्र दुसरे दाखवते. चिपचे कोडे त्याच वजाबाकीतून निघते. शेवटी मानवरूपात येणारा हा मुलगा दहा वर्षांपूर्वी अस्तित्वात तरी होता का? शापाच्या काळात वस्तूंचे वय वाढत नाही असे मानले, तर राजपुत्राचे वय मात्र कसे वाढते?

ॲरिस्टॉटलच्या पद्धतीने परिहार शोधता येतात. दहा वर्षे हा गाण्यातील ढोबळ आकडा मानावा, तसबीर मंतरलेली मानावी. पण असे परिहार प्रेक्षकाने पदरचे घातलेले असतात. संहिता त्यांना आधार देत नाही. अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, हे छिद्र पडले कशामुळे? परीकथेत वय नसते. मॅक्स ल्यूथी यांनी युरोपीय लोककथेच्या शैलीविषयी १९४७ साली लिहिताना, लोककथेतील माणसे काळाने झिजत नाहीत आणि अद्भुत समोर आले तरी चकित होत नाहीत, हे दाखवून दिले आहे. शंभर वर्षे झोपलेली राजकन्या होती तशीच उठते. शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या आवृत्तीत त्या राजकन्येचा पोशाख राजपुत्राला आपल्या आजीच्या काळातला वाटतो, पण तो तसे बोलून दाखवत नाही. पेरोंनी परीकथेच्या वयहीन काळात इतिहासाचा काळ क्षणभर डोकावू दिला आणि हसून झरोका बंद केला. १९९१ च्या चित्रपटाने तो झरोका उघडाच ठेवला. एकविसावे वर्ष आणि दहा वर्षे ही दोन मापे त्याने स्वतःहून आणली. कथेला निकड यावी, घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, हा त्यामागचा हेतू. शाप, गुलाब आणि पशू यांना परंपरेच्या प्रसिद्धीचे कवच आहे. या दोन आकड्यांना ते नाही. म्हणून ते संभावनेच्या कसोटीला थेट सामोरे जातात आणि तिथे उतरत नाहीत.

निर्मात्यांना कालगणनेचे भान नव्हते, असे मात्र नाही. पुन्हा माणूस होण्याची आस व्यक्त करणारे नोकरांचे एक दीर्घ गीत मूळ आराखड्यात होते. त्यात ऋतुचक्र सरकत असल्याने, इतके महिने बेलचा बाप मॉरिस आणि गॅस्टन काय करत होते, हा प्रश्न उभा राहत होता. ते गीत वगळले गेले आणि त्याची जागा एका छोट्या गीताने घेतली. १९९४ च्या रंगभूमीवरील आवृत्तीत त्याला स्थान मिळाले आणि २००२ साली चित्रपटाच्या विशेष आवृत्तीत ते डागडुजी करून परत आले. एक छिद्र बुजवण्यासाठी नोकरांच्या आकांक्षेचे गीत बाजूला पडले, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अशी छिद्रे खरी असतात, त्यांची नोंदही व्हावी. परंतु त्यांच्या नोंदीने समीक्षा पुरी होत नाही. घोड्यावरच्या पशूचा प्रश्न तर छिद्र म्हणण्याच्याही योग्यतेचा नाही. दोन दृश्यांमधला काळ गाळणे ही चित्रपटाची रोजची भाषा आहे, आणि गाळलेल्या काळात काय घडले हे न कळल्याने इथे काहीही बिघडत नाही.

४

मौनाचा विचार करताना या कथेचा इतिहास मदतीला येतो. मादाम द व्हिलनव यांनी १७४० साली ही कथा प्रथम छापली, ती दीर्घ स्वरूपात. पशूचा राजपुत्र झाल्यानंतरही ती थांबत नाही. राजपुत्राचा बाप वारला होता, आई युद्धावर गेली होती, त्याला सांभाळणाऱ्या परीने तो मोठा झाल्यावर त्याच्याशी विवाहाची इच्छा धरली, त्याने नकार दिला म्हणून शाप मिळाला, अशी हकीकत सविस्तर येते. व्यापाऱ्याची मुलगी आपली सून कशी होणार, हा राणीचा आक्षेपही येतो. आणि ती मुलगी वस्तुतः एका राजाची व परीची कन्या असल्याचे सांगून तो दूर केला जातो. प्रत्येक प्रश्नाला इथे उत्तर आहे. १७५६ साली मादाम लप्रँस द बोमाँ यांनी मुलींच्या शिक्षणासाठी ही कथा संक्षिप्त केली, तेव्हा स्पष्टीकरणांचा सगळा भाग गळून पडला. एका दुष्ट परीने शाप दिला, एवढेच कळते. शाप का दिला हे बोमाँ सांगत नाहीत, आणि कोणाचे तिथे अडतही नाही.

पुढच्या पिढ्यांनी बोमाँ यांची आवृत्ती जवळ केली, यामागे केवळ आटोपशीरपणा नाही. व्हिलनव यांच्या उत्तरांनी कथेचे मर्मच सैल होते. नायिका जन्माने राजकन्याच असेल, तर गुणाने कुळावर मात केली हा अर्थ उरत नाही. राजपुत्र निर्दोष असेल, तर त्याच्या बदलाला काही किंमत राहत नाही. बोमाँ यांच्या मौनामुळे मात्र शाप ही एक स्थिती बनते. माणूस पशूच्या रूपात अडकलेला आहे, एवढ्यावर कथा उभी राहते.

१९९१ च्या चित्रपटाने या मौनाचा एक भाग राखला. राजपुत्राला नाव नाही, त्याच्या आईबापांचा उल्लेख नाही, त्याचे राज्य कोणते हे कळत नाही. जादूगारीण आरंभी येते आणि परतत नाही. ती व्यक्ती नाही, कथेला गती देणारी शक्ती आहे, आणि शक्तीला पत्ता विचारायचा नसतो. गावकऱ्यांच्या विस्मृतीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. लोककथेत गाव आणि मंतरलेला महाल यांच्यामध्ये अरण्य असते, आणि ते अरण्य ओलांडणे म्हणजे जग बदलणे. हा संकेत पाळला असता तर प्रश्न उद्भवलाच नसता. पण चित्रपटातील गावात पाववाला आहे, पुस्तकांचे दुकान आहे, दारूचा गुत्ता आहे, वेड्यांच्या इस्पितळाचा लाचखाऊ प्रमुख आहे. गावाचे चित्रण कादंबरीच्या वळणाचे आहे, किल्ल्याचे परीकथेच्या. दोन्ही प्रदेश एकाच नकाशावर आले की मधले अंतर मोजण्याची इच्छा होणारच. तरीही हे मौन घातक नाही. गॅस्टनच्या चिथावणीने सगळा गाव अनोळखी पशूवर चालून जातो, तेव्हा त्या अज्ञानातच जमावाच्या हिंसेचे बीज असते. शेजारी कोण राहतो हे माहीत नसणे, हा त्या गावाचा स्वभावच ठरतो. इथे मौन अर्थाला पोसते.

५

नोकरांच्या शिक्षेचा प्रश्न या दोन्ही वर्गांत बसत नाही. त्यात विधानांची विसंगती नाही. जादूगारणीने किल्ला आणि त्यात राहणारे सर्व यांच्यावर शाप टाकला, हे निवेदन स्वच्छ सांगते. ते मौनही नाही, कारण नोकर चित्रपटभर बोलत असतात, गात असतात.

बोमाँ यांच्या कथेतील महालात नोकर दिसत नाहीत. मेज आपोआप मांडले जाते, दारे आपोआप उघडतात. जाँ कोक्तो यांच्या १९४६ च्या चित्रपटात भिंतींतून माणसांचे हात शमादाने धरून बाहेर आले आहेत. ते हात कोणाचे हा प्रश्न अंगावर काटा आणतो, पण त्यांना नावे नाहीत. डिस्नेच्या चित्रपटात वस्तूंना नावे, स्वभाव, बोलण्याची ढब आणि आपसातले हेवेदावे मिळाले. ही कल्पना ॲशमन यांची मानली जाते, आणि चित्रपटातील विनोद, ऊब व संगीत यांचा मोठा वाटा तिच्याकडे जातो. किटलीरूपी मिसेस पॉट्स आई झाली, घड्याळरूपी कॉग्जवर्थ धास्तावलेला कारभारी झाला. पण वस्तूला व्यक्तित्व मिळताक्षणी तिला न्यायही मागता येतो. अदृश्य हातांविषयी कोणी विचारले नाही ते मिसेस पॉट्सविषयी विचारले जाते : हिचा अपराध काय? हा प्रश्न बाहेरून लादलेला नाही. बाह्य रूपावरून माणसाची किंमत करू नये, हा धडा शिकवण्यासाठी जी शिक्षा दिली गेली, त्याच शिक्षेने डझनावारी माणसांचे भांड्याकुंड्यांत रूपांतर केले. चाकर म्हणजे धन्याच्या घरातील सामान, ही उपमा इथे शब्दशः खरी झाली आहे. चित्रपट तिच्याकडे विनोद म्हणून पाहतो.

अकरा वर्षांच्या वजाबाकीचे महत्त्वही इथेच कळते. एका पोरसवदा मुलाने रात्री दारात आलेल्या अनोळखी म्हातारीला आत घेतले नाही, हा अपराध असेल, तर जादूगारणीचा न्याय दुहेरी संशयास्पद ठरतो. कालगणनेचे किरकोळ वाटणारे छिद्र ऋणाच्या मर्मावरच उघडते. मोजणारी समीक्षा ते छिद्र नोंदवून पुढे जाते. माफ करणारी समीक्षा तिकडे पाहतच नाही. दोघींनाही तिथून दिसणारी गोष्ट दिसत नाही.

हे ऋण सर्वांत ठळक होते ते चित्रपटाच्या नैतिक शिखरावर. बापाच्या काळजीने व्याकूळ झालेल्या बेलला पशू मुक्त करतो. शेवटची पाकळी गळायला फार अवधी उरलेला नाही, हे ठाऊक असून करतो. प्रेम म्हणजे बंधन घालणे नव्हे, हे त्याला कळले आहे, आणि या क्षणीच तो अंतर्यामी माणूस झाला असा चित्रपटाचा दावा आहे. दावा खराही आहे. पण त्या निर्णयाने तो केवळ स्वतःचा उःशाप सोडत नाही. सगळ्या नोकरांचा सोडतो. त्यांना विचारले जात नाही. शाप ओढवून घेताना त्यांना विचारले नव्हते, उःशाप सोडतानाही विचारले नाही. पशूच्या बेलशी असलेल्या नात्यात क्रांती झाली. चाकरांशी असलेल्या नात्यात काहीच बदलले नाही. कॉग्जवर्थला धक्का बसतो, सारे खिन्न होतात, आणि धन्याला अखेर प्रेम कळले म्हणून मिसेस पॉट्स त्याचे कौतुक करते. ही स्वामिनिष्ठा हृद्य वाटते, कारण तिच्यामागचा प्रश्न दुःखाच्या सुरात बुडवला जातो. चित्रपटाने इथे आपल्याच मूल्याचा परीघ अर्ध्यावर थांबवला आहे. संविधानकातील खरे छिद्र शोधायचे तर ते इथे आहे, आणि ते घटनांच्या साखळीत नाही, मूल्यांच्या साखळीत आहे.

६

बिल काँडन दिग्दर्शित, नटनट्यांना घेऊन केलेली याच कथेची २०१७ ची डिस्ने आवृत्ती या विवेचनाला जणू प्रायोगिक पडताळा पुरवते. १९९१ चा चित्रपट ८४ मिनिटांचा होता, नवा १२९ मिनिटांचा आहे. वाढलेल्या अवधीचा बराच भाग जुन्या प्रश्नांच्या उत्तरांवर खर्च झाला आहे. एकविसाव्या वर्षाची अट काढून टाकली आहे आणि शापप्रसंगीचा राजपुत्र प्रौढ तरुण म्हणून मेजवानीत दाखवला आहे. जखमी पशूला बेल उठून उभे राहण्याची विनवणी करते. तिच्या आईचे काय झाले, याचे उत्तर पॅरिसमधील प्लेगच्या साथीत सापडते. जादूगारीण वेश बदलून त्याच गावात भिकारीण म्हणून राहते. आणि गावकऱ्यांची स्मृती तिनेच पुसून टाकली होती, असे निवेदनात सांगितले जाते.

स्मृतिलोपाची ही योजना भारतीय वाचकाला परकी नाही. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. राजाच्या वर्तनातील हा प्रश्न कालिदासाने दुर्वासाच्या शापाने आणि मुद्रिकेने सोडवला. या योजनेने राजाची नैतिक जबाबदारी बाहेरच्या शक्तीकडे सोपवली, हा आक्षेप घेता येतो आणि घेतलाही गेला आहे. परंतु कालिदासाची योजना प्रश्न मिटवून थांबत नाही. मुद्रिका सापडल्यानंतर सहाव्या अंकातील राजाचा पश्चात्ताप हा तिचाच परिपाक आहे. विसरलेल्या माणसाला आठवण्याची यातना भोगावी लागते, आणि ती यातना महाभारतातील कथेत नव्हती. भरलेल्या जागेतून नवा अनुभव उगवला.

२०१७ च्या चित्रपटातील स्मृतिलोपातून असा अनुभव उगवत नाही. मिसेस पॉट्सचा नवरा गावातच असतो, काहीतरी विसरल्यासारखा वावरतो, आणि शेवटी पत्नी व मुलगा त्याला परत मिळतात. क्षण गोड आहे. पण आपली माणसे आपण विसरलो होतो, हे कळलेल्या कोणाच्याही मनात तो डोकावत नाही. आणखी एक गोष्ट यातून निसटते. विस्मृती जादूने आलेली असेल, तर मशाली घेऊन निघालेल्या जमावाचे अज्ञान हा त्या गावाचा स्वतःचा दोष राहत नाही. जुन्या चित्रपटातील अर्थगर्भ मौन भरले गेले आणि त्याबरोबर गावाची जबाबदारीही पुसट झाली.

नोकरांच्या बाबतीत नव्या आवृत्तीने केलेली एक सुधारणा मान्य केली पाहिजे. पाकळ्या गळतील तसतशी ही माणसे निर्जीव वस्तू होत जातात, आणि अखेरीस एकेकजण खरोखरच निश्चल होतो. जे जुन्या चित्रपटात केवळ गैरसोय वाटत होते ते इथे मरण आहे. ऋणाची रक्कम निदान नीट मांडली गेली. परंतु ते फेडण्याची रीत चिंताजनक आहे. शिक्षा नोकरांना का, हा प्रश्न बेल थेट विचारते. मिसेस पॉट्सच्या उत्तराचा आशय असा : राजपुत्राची आई वारल्यावर त्याच्या निर्दय बापाने त्या निरागस मुलाला आपल्यासारखे घडवले, तेव्हा नोकरांनी काहीच केले नाही. म्हणजे शिक्षा योग्यच होती. चाकराचे मौन आणि धन्याचा अपराध एकाच तराजूत तोलले गेले. राजवाड्यातील स्वयंपाकघरात राबणारी बाई धन्याला अडवू शकली असती का, हे कोणी विचारत नाही. आणि निकाल तिच्याच तोंडून वदवला असल्यामुळे त्यावर अपील उरत नाही.

१९९१ च्या चित्रपटात अन्याय स्पष्टीकरणाविना पडून होता. संवेदनशील प्रेक्षकाला तो बोचत राहिला, म्हणूनच तो प्रश्न इतकी वर्षे विचारला गेला. २०१७ च्या चित्रपटाने अन्यायाला कारण दिले आणि तो न्याय बनला. संविधानकाच्या दृष्टीने जागा बुजली, नैतिकदृष्ट्या खोल झाली. एकंदरीत हा प्रवास १७५६ कडून मागे १७४० कडे झालेला दिसतो. व्हिलनव यांच्या स्पष्टीकरणांनी नायिकेचे कुळ सांभाळले होते. नव्या चित्रपटातील स्पष्टीकरणांनी शिक्षा देणाऱ्या शक्तीची प्रतिष्ठा सांभाळली.

७

अद्भुतरम्य कथेला प्रश्न विचारणे गैर नाही, पण प्रश्नांची जात ओळखल्याशिवाय उत्तरांची मागणी करणे निरर्थक आहे, हे यावरून स्पष्ट होईल. छिद्र दिसले तर ते कथनाच्या कोणत्या सांध्यावर पडले, हे पाहावे. पुष्कळदा कलाकृतीने कुठून काय उसने घेतले हे तिथेच उघड होते. मौन दिसले तर ते अर्थाला पोसते की केवळ आळसाने राहिले आहे, हे पाहावे. ऋणाच्या बाबतीत मात्र समीक्षेने सवलत देण्याचे कारण नाही. जी कलाकृती प्रेक्षकाला करुणेचा धडा देऊ पाहते, तिने आपल्या करुणेच्या कक्षेत कोणाला घेतले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले, हा प्रश्न तिला विचारलाच पाहिजे. मग तिच्यात किटली बोलत असो वा नसो.

परंपरेची प्रसिद्धी अद्भुताला संभवनीय करते, हे अभिनवगुप्ताचे म्हणणे इथे थोडे पुढे न्यावे लागते. परंपरा शापाला विश्वसनीय करू शकते; त्याला न्याय्य करू शकत नाही. माणसाचा पशू झाला, यावर प्रेक्षक आनंदाने विश्वास ठेवतो. मिसेस पॉट्सने दहा वर्षे किटली होऊन राहावे हे रास्त होते, यावर विश्वास ठेवायला मात्र तो सहजी तयार होत नाही. त्याची ही नाखुशी म्हणजे रसास्वादातील विघ्न नव्हे. कलाकृतीने न फेडलेले ऋण त्या क्षणी आस्वादकाच्या लक्षात आलेले असते.